‘जुन्या मशीनला मोठी डिस्क चालत नाही’ : एका फॉरवर्डला उत्तर

‘पाच वर्षांहून जुन्या कॉम्प्युटरला नवी हार्डडिस्क लावू नका’ असा एक मेसेज सोसायटीच्या, नातेवाइकांच्या ग्रुपांवर फिरतो आहे. त्यात पाच दावे आहेत. जुना बोर्ड (मदरबोर्ड) ५०० जीबीच्या वरची डिस्क ओळखत नाही; जुन्या साटा पोर्टवर (डिस्क जोडायच्या खाचेवर) एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) लावली तरी वेग वाढत नाही, शिवाय ती दोन वर्षांत मरते; जादा डिस्कने एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) जळतो; दुसरी डिस्क लावली की मशीन आणखी मंद होतं; आणि जागाच हवी असेल तर एक्स्टर्नल डिस्क घ्यावी. शेवटी ‘पैसे पाण्यात घालू नका, नवीन घ्या’ आणि जोडलेले हात.

मेसेज निव्वळ थाप असता तर सोडून दिला असता. पण यातल्या बऱ्याच गोष्टी कधीतरी, कुठल्यातरी मशीनवर खऱ्या होत्या. कधी आणि कुठल्या, तेवढंच मेसेजमध्ये नाही.

आधी ५०० जीबीचं बघू. या आकड्याला तांत्रिक आधार काहीच नाही. खऱ्या मर्यादा दोन. पहिली १३७ जीबीची. डिस्क जोडण्याच्या, साटाच्या आधीच्या आयडीई पद्धतीत डिस्कवरच्या प्रत्येक सेक्टरचा (छोट्या कप्प्याचा) पत्ता २८ बिटांत लिहिला जायचा. ५१२ बाइटचा एक सेक्टर धरला तर तेवढ्या पत्त्यांत १३७ जीबीच मावतात. पुढे पत्ता ४८ बिटांचा झाला आणि विंडोज एक्सपीला २००२च्या सर्व्हिस पॅक १ मध्ये ती सोय मिळाली. म्हणजे ही अडचण पेंटियम ३ किंवा सुरुवातीच्या पेंटियम ४ च्या काळातली. तुमच्या मशीनला साटा पोर्ट असतील तर ती तुम्हाला लागू होण्याची शक्यता जवळपास नाहीच.

दुसरी मर्यादा २.२ टीबीची, आणि ती आजही जिवंत आहे. डिस्कचे भाग नोंदवण्याच्या जुन्या एमबीआर तक्त्यात ३२ बिटांचे आकडे असतात, ते २.२ टीबीला संपतात. त्यापुढे जायला जीपीटी तक्ता लागतो. ३२ बिटी एक्सपीला जीपीटी वाचता येत नाही, विंडोज ७ आणि त्यापुढच्यांना येतो. इथे बोर्डाच्या वयाचाही थोडा संबंध आहे: जुन्या बायॉसच्या (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या सॉफ्टवेअरच्या) मशीनवर विंडोज जीपीटी डिस्कवरून सुरू होत नाही, त्यासाठी यूईएफआय, म्हणजे बायॉसची नवी पिढी, लागते. पण विंडोज आहे त्या डिस्कवर ठेवून ४ टीबीची डिस्क फक्त फोटो-व्हिडिओंसाठी लावायची असेल, तर साटाच्या काळातला साधा बोर्डही सहसा ती चालवतो.

मग ‘आमच्या बोर्डाने खरंच ओळखली नाही’ असं लोक का सांगतात? बहुतेक वेळा कारण साधं असतं. नवी कोरी डिस्क ‘धिस पीसी’मध्ये आपोआप दिसत नाही. स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडावं लागतं, तिथे डिस्क इनिशियलाइज करायची, २ टीबीच्या वरची असेल तर जीपीटी निवडायचं, मग नवीन व्हॉल्यूम तयार करून फॉरमॅट. तिथे दिसली म्हणजे बोर्डाने ओळखलेली आहे. आणि १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दाखवते म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या. (डेटा असलेली जुनी डिस्क ‘इनिशियलाइज करा’ म्हणाली तर मात्र हात मागे घ्या. ती बिघडलेली असू शकते.)

एसएसडीबद्दलचा दावा सगळ्यात जास्त नुकसान करणारा आहे, कारण जुन्या मशीनला सर्वांत जास्त फायदा याच बदलाचा होतो. साटाच्या तीन पिढ्या आहेत, सेकंदाला ढोबळमानाने १५०, ३०० आणि ६०० एमबी अशा. आपल्याकडे २०११नंतर असेंबल केलेल्या अनेक मशीनमध्ये इंटेलच्या एच६१ चिपसेटचे (बोर्डावरच्या मुख्य चिपचे) बोर्ड गेले. त्या चिपसेटला दुसऱ्या पिढीचेच पोर्ट आहेत. त्याआधीच्या जी३१, जी४१ बोर्डांचंही तेच. तिथे साटा एसएसडी ५५०ऐवजी २५०-२७०वर अडकते, हे खरं. मेसेज लिहिणारा इथेच थांबला.

पण मशीन सुरू होताना, ब्राउझर उघडताना विंडोज एक मोठी फाइल सलग वाचत नसतं. ते हजारो बारीक तुकडे डिस्कवर जागोजागी शोधत असतं. ७२०० आरपीएमच्या हार्डडिस्कची तबकडी सेकंदाला १२० वेळा फिरते, म्हणजे हवा तो सेक्टर वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद. डोकं योग्य जागी सरकायला आणखी ८-९. प्रत्येक तुकड्यामागे १२-१३ मिलिसेकंद गेले की सेकंदाला जेमतेम ८० तुकडे मिळतात. एसएसडीला एका तुकड्यासाठी मिलिसेकंदाचा दहावा हिस्साही पुरतो. हा फरक पोर्टच्या पिढीत नाही, डिस्कच्या जातीत आहे. घाटात गाडी जर पावलोपावली थांबत असेल तर एक्स्प्रेसवेची वेगमर्यादा किती याला काय अर्थ?

हे पटत नसेल तर करून बघा: छोटी एसएसडी लावून विंडोज तिच्यावर घ्या, जुनी हार्डडिस्क डी ड्राइव्ह म्हणून राहू द्या. बायॉसमध्ये एएचसीआय (साटा डिस्क चालवण्याची नवी पद्धत) असेल तर बरं, पण विंडोज आधी आयडीई मोडमध्ये टाकलेलं असेल तर मध्येच ती सेटिंग बदलू नका, विंडोज सुरू होताना एररचा निळा पडदा येईल. आला तर सेटिंग पूर्ववत करा, घाबरायचं कारण नाही. जी३१-जी४१ बोर्डांत तो पर्याय सहसा नसतोच, तरी एसएसडी चालते. एनव्हीएमई (साटा न वापरणारी, आणखी वेगवान) एसएसडी मात्र अशा मशीनसाठी घेऊ नका. अडॅप्टरवर ती लागेल, पण २०१४च्या आधीचे बहुतेक बोर्ड तिच्यावरून सुरू होत नाहीत.

‘दोन वर्षांत मरते’ याचं गणित मांडू. सॅमसंग ८७० इव्हो या ५०० जीबी एसएसडीवर कंपनी ३०० टीबी लिखाणाची किंवा पाच वर्षांची, जे आधी संपेल त्याची हमी देते. रोज २० जीबी लिहिलं, जे घरच्या वापराला भरपूर झालं, तर वर्षाला ७.३ टीबी. ३०० टीबी गाठायला चाळीस वर्षं. एसएसडी इतर कारणांनी अचानक जाऊ शकते, हार्डडिस्कही जाते. पण लिहून लिहून झिजण्याची भीती घरच्या मशीनला नाही. निनावी ब्रँडची ‘१६ टीबी’ एसएसडी पेनड्राइव्हच्या भावात मिळत असेल तर ती मरण्याआधीच मेलेली आहे: आत थोडीशी मेमरी आणि खोटा आकडा सांगणारं फर्मवेअर (डिस्कच्या आतलं सॉफ्टवेअर). एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर ती पूर्ण भरून, परत वाचून खोटेपणा उघड करतं.

एसएमपीएसचं बोलायचं तर साडेतीन इंची हार्डडिस्क सुरू होताना काही सेकंद १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर, म्हणजे २४ वॅट घेते आणि नंतर ५ ते ८ वॅटवर येते. एसएसडी २-३ वॅट. एच६१च्या जोडीला असणारा आय३ प्रोसेसर एकटा ६५ वॅटचा. एवढ्याशा भाराने एसएमपीएस जळत असेल तर तो आधीच शेवटच्या घटका मोजत होता. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर ‘४५० वॅट’ छापलेलं असतं त्यावर विश्वास नको. लेबलवर १२ व्होल्टचे अँपिअर किती ते बघा. खरा धोका वेगळाच आहे, आणि मेसेजमध्ये तो नाही. साटा पॉवरची वायर कमी पडली की दुकानदार मोलेक्स-ते-साटा अडॅप्टर (जुन्या चार पिनी वायरला साटाचं टोक लावणारा) देतो. त्यातले एकसंध प्लास्टिक ओतून केलेले स्वस्त कनेक्टर आतून शॉर्ट होऊन वितळल्याची उदाहरणं आहेत. वायरी वेगवेगळ्या घट्ट बसवलेला क्रिम्प कनेक्टर मागून घ्या.

दुसऱ्या डिस्कने मशीन मंद होतं? चांगल्या डिस्कने नाही. झोपलेली डिस्क जागी व्हायला काही सेकंद घेते, तेवढंच. पण नातेवाइकाने दिलेली, बॅड सेक्टर आलेली डिस्क लावली तर प्रत्येक खराब जागी ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते आणि विंडोज ताटकळतं. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पिवळा ‘कॉशन’ दिसला तर त्या डिस्कवरचा डेटा काढा आणि ती बाहेर ठेवा.

राहिली एक्स्टर्नल. बॅकअपसाठी ती हवीच, कारण एकाच डब्यातल्या दोन डिस्क विजेच्या एका झटक्यात एकदम जाऊ शकतात. रोजच्या वापराला मात्र मशीनचे यूएसबी पोर्ट बघा. इंटेलच्या चिपसेटमध्ये यूएसबी ३ आलं ते २०१२ साली. त्याआधीच्या बोर्डावर बहुधा यूएसबी २ आहे, आणि ते प्रत्यक्षात सेकंदाला ३०-४० एमबीच देतं. ५०० जीबी कॉपी व्हायला चार तास. आतल्या साटावर चांगल्या डिस्कने तेच काम तासाभराच्या आसपास होतं.

मेसेजचा एक मुद्दा मला मान्य आहे, जरी तो त्यांनी वेगळ्या कारणासाठी लिहिला असला तरी. फक्त आयडीई पोर्ट असलेल्या एक्सपीच्या काळातल्या मशीनवर आता खर्च करू नये. विंडोज १०चा नियमित आधार (अपडेट मिळणं) १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे, थोडे अपवाद सोडता, आठव्या पिढीच्या आधीच्या इंटेल प्रोसेसरवर चालत नाही, हेही डिस्क लावून बदलणार नाही. अशा मशीनवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाकायचं की नवीन घ्यायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण ‘पैसे पाण्यात’ कसे? साटा डिस्क मशीनबरोबर भंगारात जात नाही. उद्या नवा डेस्कटॉप घेतलात तरी बहुतेक बोर्डांवर साटा पोर्ट असतात, तिथे ती तशीच लागेल. लॅपटॉप घेतलात तर अडीच इंची एसएसडी यूएसबी केसमध्ये घालून वापरता येते.