मदत करावी, पण कपाट पाहून

दुसऱ्याचं घर जळाल्याची बातमी आली की सुज्ञ माणसाने आधी स्वतःचं कपाट उघडावं. मणिपूरमध्ये 3 मे 2023 ला मैतेई आणि कुकी या दोन समाजांत हिंसाचार पेटला आणि साठेक हजार माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी छावण्यांत जाऊन पडली, ही गोष्ट वाईटच. पण लोकमान्यनगरातल्या तुमच्या माळ्यावर चार गाठोडी पडून आहेत, हीसुद्धा काही चांगली गोष्ट नाही. दोन्ही दुःखं एकाच ट्रकने हलकी होत असतील तर संकोच कसला? शिवाय आपलं इंदूर 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिलं. कचऱ्याची गाडी दारात येऊन ओलं वेगळं, सुकं वेगळं मागते. भाच्याच्या लग्नातली, जरीकाम काळं पडलेली शेरवानी कुठल्या डब्यात टाकायची, हे मात्र भल्याभल्यांना सुचत नाही. इंफाळ हा त्यासाठी फार सोयीचा डबा आहे.

ब्लाउजपीस तर अवश्य द्यावेत. हळदीकुंकवात मिळालेले, सात घरं फिरून परत आपल्याच घरी आलेले, कोपऱ्यात कुणा जुन्या यजमानीणबाईंच्या कुंकवाचं बोट अजून तस्संच असलेले. मैतेई बायका फनेक, म्हणजे कमरेला गुंडाळायचं लुंगीसारखं वस्त्र, नेसतात. त्यावर आपला पाऊण मीटरचा तुकडा कसा खपवायचा ते त्यांचं त्या बघतील. वेळच वेळ आहे त्यांच्याकडे. पँटची चेन बिघडलेली असली तरी चालेल, पण बटणं मात्र काढून ठेवावीत. बटणं घरात लागतात.

छावणीतून म्हणे सॅनिटरी पॅड, आतले नवे कपडे, बादल्या असलं काहीबाही मागतात. आता मंडळाच्या बैठकीत, समोर आप्पा बसलेले असताना, यादीतले हे शब्द मोठ्याने वाचायचे कोणी? तिथे शाल लिहावी. शाल सभ्य असते. आणि खाण्याचं म्हणाल तर ती माणसं भात आणि आंबवलेली मासळी खाणारी. आपलं मंडळ शाकाहारी, तेव्हा शेव आणि जिरावण, म्हणजे आपला पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला, पाठवावं. पोहे नसले म्हणून काय झालं, जिरावण कशावरही छान लागतं.

औषधांच्या बाबतीत आपल्या आधी थोरामोठ्यांनी वाट घालून दिलेली आहे. बोस्नियात युद्ध आणि त्याच्या लगेच नंतरच्या, 1992 ते 1996 या काळात जगभरच्या दयाळू लोकांनी औषधं धाडली. त्यांतली सुमारे 17,000 टन निरुपयोगी निघाली. मुदत संपलेली, कुणाला वाचता न येणाऱ्या भाषेतली, नको त्या आजाराची. ती जाळायची कशी आणि त्याचा खर्च करायचा कोणी, हे संकट लढाईने गांजलेल्या लोकांच्या गळ्यात वेगळं पडलं. जागतिक आरोग्य संघटनेने मग 1996 मध्ये सांगितलं की दान दिलेल्या औषधाची मुदत किमान वर्षभर तरी शिल्लक हवी. तुम्ही मनावर घेऊ नका. फ्रीजवरच्या डब्यातली, चार गोळ्या उरलेली पट्टी म्हणजे त्यागच की.

रोख पैसे मात्र चुकूनही देऊ नयेत. पैसे हातात आले की ही माणसं हवं ते घेतात! कुकर घेतील, मुलाची परीक्षा फी भरतील. उद्या विचारलं तर दाखवायला काय? त्यापेक्षा अडीच हजार किलोमीटर ट्रक न्यावा. मालाच्या किमतीपेक्षा भाडं जास्त झालं तर हिशेबात भाडंही ‘मदत’ म्हणून धरता येतं. ट्रकवर ‘सर्वांना समान वाटप’ असा फलक लावायला विसरू नका. मैतेईंच्या छावण्या खोऱ्यात, कुकींच्या चुराचांदपूर-कांगपोकपी या डोंगराळ जिल्ह्यांकडे, मधल्या पट्ट्यात सुरक्षा दलं, आणि एका बाजूचा ड्रायव्हर दुसऱ्या बाजूला जीव मुठीत धरूनही जात नाही, या बारीकसारीक गोष्टी फलकावर मावत नाहीत. फलकावर पदाधिकाऱ्यांचे फोटो असतात.

फार लाड होत नाहीत ना, यावरही नजर ठेवावी. मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार एका माणसाला निवाऱ्यात किमान साडेतीन चौरस मीटर जागा, दिवसाला 15 लिटर पाणी आणि वीसजणांत एक शौचालय मिळायला हवं. म्हणजे चौघांच्या अख्ख्या कुटुंबाला जवळपास तुमच्या गाडीच्या पार्किंगएवढी जागा! एवढं ऐसपैस मिळाल्यावर कोण परत जाणार? छावणीत कुणाच्या हाती मोबाईल दिसला तर ‘परिस्थिती इतकी काही वाईट नाही हो’ असं हळूच म्हणावं. घरातून पळताना माणसाने फोन तेवढा उचलला, हा त्याचा कावेबाजपणाच.

आणि जे काही करायचं ते पहिल्या पंधरवड्यात उरकावं. मिझोराममधून 1997 मध्ये जीव घेऊन पळालेले ब्रू लोक त्रिपुराच्या छावण्यांत राहिले. कायमच्या पुनर्वसनाचा करार झाला जानेवारी 2020 मध्ये. तोवर सरकारी शिधा म्हणजे मोठ्या माणसाला दिवसाला 600 ग्रॅम तांदूळ आणि 5 रुपये. आपल्या इंदूरच्या खाऊगल्लीत, छप्पन दुकानवर, 5 रुपयांत पोह्यांवरची शेवसुद्धा कोणी देणार नाही. तेवीस वर्षं! छावणीत जन्मलेल्या पोरीला छावणीतच पोर व्हावं इतका काळ. एवढ्या काळात आपल्या मंडळाच्या किती कार्यकारिण्या बदलल्या असतील! दरवर्षी त्याच त्या लोकांना मदत करायची म्हणजे वर्गणीदारांना तोंड दाखवायची सोय राहत नाही.

एक धोका मात्र आत्ताच सांगून ठेवतो. मंडळात एखादी नवी सून असते, नोकरीवाली, थेट तोंडावर बोलणारी. ती परस्पर छावणीत फोन लावते, तिथल्या बाईशी मोडक्यातोडक्या हिंदीत तासभर बोलते आणि वहीत उतरवून आणते: दहावीची पुस्तकं, डायबिटीसच्या गोळ्या, शिलाईमशीनच्या सुया, जळालेल्या दाखल्यांच्या प्रती मिळवायला वकील. वर सगळ्यांदेखत विचारते, ‘काका, आपण गाठोडी पाठवायच्या आधी त्यांना विचारलं होतं का?’ अशा वेळी रागवू नये. तिचं तोंडभरून कौतुक करावं, वही ठेवून घ्यावी, आणि तिला लगेच सांस्कृतिक समितीवर घ्यावं. गणपती तोंडावर आलेत; अथर्वशीर्षाच्या तालमी आहेत, प्रसादाच्या पाळ्या लावायच्या आहेत. फोन करायला तिला दिवाळीपर्यंत फुरसत मिळता कामा नये.