डॉक्टरसाहेब, एक पाजणं बसून तर बघा

डॉक्टरसाहेब नमस्कार. कमेंट रविवारीच वाचली होती, पण शाळेत पेपर तपासणी चालू होती म्हणून उत्तराला चार दिवस लागले, राग मानू नका. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की दवाखान्यातल्या लोकांना लेकरू पाजण्यातलं फार थोडं कळतं अन् पावडरचा डबा फार लवकर लिहून दिला जातो. त्यावर साहेबांचं म्हणणं असं की, तुम्ही शिक्षिका आहात डॉक्टर नाही, 'फक्त अंगावरचंच' या हट्टापायी आमच्याकडं पाचव्या दिवशी सुकलेली लेकरं येतात, रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठ, वाढलेलं असतं, आणि असले लेख वाचून बाया डबा द्यायला घाबरतात.

सुकलेल्या लेकरांचं तुमचं शंभर टक्के खरं आहे. मी ते लेखात लिहायला पाहिजे होतं, नाही लिहिलं, चूक माझी. पहिल्या तीन-चार दिवसात वजन थोडं उतरतंच, पण १० टक्क्यांच्या वर उतरलं, लेकरू नुसतं झोपूनच राहायलंय, लघवी होईना, तर त्याच्या पोटात दूध गेलं पाहिजे, लगेच. आईचं काढून निघत असेल तर ते, नाहीतर डब्याचं. डबा देणाऱ्या बाईला मी कशाला नावं ठेवू, मी स्वतः दिलाय.

पण मला एक सांगा, ते लेकरू पाचव्या दिवशी तुमच्याकडं आलं, त्याच्या आधी तीन दिवस कुठं होतं? कुठल्या तरी दवाखान्यातच होतं ना. राऊंड झाला, टाके बघितले, बीपी घेतलं, "पाजताय ना?" विचारलं, बाईनं मान हलवली, की पुढची कॉट. लेकरू गिळायलंय का नुसतं तोंडात धरून बसलंय हे वाकून बघितलं कुणी? म्हणजे तुमचं सोडियम अन् माझा डबा, दोन्हीचं मूळ एकाच जागी आहे असं मला वाटतं.

माझंच सांगते. सीझर झालं होतं, मराठवाड्यातलाच दवाखाना, नाव लिहीत नाही. कमरेत इंजेक्शन देऊन केलं होतं, मी पूर्ण शुद्धीवर होते, पहिल्या तासात लेकरू छातीशी द्यायला काहीच अडचण नव्हती, पण दिलं साडेपाच तासांनी. दुसऱ्या रात्री त्यानं टाहो फोडला. ड्युटीवरच्या डॉक्टरनी दारातूनच सांगितलं, दूध यायलं नसेल, डबा आणा. नवरा रात्री अकराला मेडिकल शोधत फिरला. आता विचार केला की हसू येतं, दुसऱ्या रात्री कुणाला धारा लागतात हो? तेव्हा चीकच असतो, चमचा चमचा, अन् लेकराचं पोटही तेवढंच. भरपूर दूध उतरायला दोन ते चार दिवस लागतात, सीझरमध्ये कधी जास्त, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी रडत बसले नसते. झालं काय, डब्यानं लेकरू गपगार झोपायचं, ओढायचंच नाही, चौथ्या दिवशी माझी छाती दगडासारखी झाली आणि तरी सगळे म्हणायले हिला दूधच नाही.

सातव्या दिवशी माहेरी आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, आल्या. (घरी येऊन बघायचे त्यांचे दिवस ठरलेले असतात, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२.) झोळीच्या काट्यावर वजन घेतलं, मग खाली बसल्या अन् म्हणाल्या, पाज की, बघू दे. मी पाजायला लागले, दोन मिनिटं काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "काहून नुसतं टोक देलालीस त्याला?" लेकराचं पोट माझ्या पोटाला लावलं, टोक त्याच्या वरच्या ओठाला टेकवलं आणि थांबायला लावलं, त्यानं जांभई दिल्यासारखा मोठा आ केला की झटकन जवळ ओढायला सांगितलं. हनुवटी छातीत रुतली, खालचा ओठ बाहेर उलटला, काळा भाग खालून जवळपास सगळा तोंडात. आणि दुखायचं थांबलं! सात दिवस मी दात-ओठ खात पाजत होते. मग त्यांनी तोंडावर बोट ठेवलं, म्हणाल्या ऐक. घुट... घुट... थोडं थांबून परत घुट. तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. डबा लगेच बंद केला नाही त्यांनी, वजन बघत बघत दोन आठवड्यात सुटला. आणि जाता जाता माझ्या आजीला, जी चीक काढून टाका म्हणत होती, एवढंच म्हणाल्या, "म्हशीच्या चिकाचा खरवस करून खाता अन् पोरीचा फेकता व्हय?" आजी गप्प.

साडेपाच वर्षांच्या एमबीबीएसमध्ये बाळंतिणीजवळ बसून एक पूर्ण पाजणं किती वेळा बघितलं, तुम्हीच आठवून सांगा. टोमणा नाही मारायले, खरंच विचारायले.

दुसरी गोष्ट पाण्याची. एप्रिल-मे आला की आमच्याकडं शिकलेले डॉक्टरही सांगतात, ऊन लई आहे, लेकराला दोन चमचे उकळलेलं पाणी द्या. अहो आईच्या दुधात साधारण ८७ टक्के पाणीच असतं, आपल्या ४३ डिग्रीतही सहा महिन्यांच्या आतल्या लेकराला वेगळं पाणी लागत नाही, जास्त वेळा पाजलं की भागतं. पाण्यानं पोट भरतं, लेकरू कमी ओढतं, कमी ओढलं की दूध कमी बनतं. पाणी त्या बाईला पाजा, तिला कुणी विचारत नाही.

आणि डबा लिहिताना घरात पाणी कसंय हे कोण विचारतं? २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो उन्हाळा तुम्हीही बघितलाच असेल. टँकर आठ-दहा दिवसाला यायलाय तिथं बाटली धुवायची कशानं, उकळायची कशात? ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा हे डब्यावर लिहिलेलं असतं, पण महिन्याला चार डबे परवडत नाहीत म्हणून चमचा हळूहळू अर्धा होतो, लेकरू पांढरं पाणी पितं. डबा द्यायचाच असेल तर हे बोलायला पाच मिनिटं काढा, अन् बाटलीपेक्षा वाटी-चमचा सांगा.

बीडकडच्या ऊसतोडीच्या बाईला "दर दोन तासाला पाजा" म्हणणं तर मला फार चमत्कारिक वाटतं. ती पहाटे कोयता घेऊन फडात जाणार, लेकरू बांधावर झोळीत. तिला आधी विचारा किती वाजता निघतेस, मधी थांबू देतात का, अन् मग सांगा की रात्री अंगाशी घेऊन झोप, रात्री पाजल्यानं दूध टिकतं. हे तिला जमण्यासारखं आहे.

मागच्या लेखात आज रात्री लेकरू सुकायलंय का दूध पुरतंय हे ओळखायच्या खुणा टाकते. पाचव्या दिवसानंतर २४ तासात निदान सहा वेळा लघवी, आणि दोन आठवड्यात जन्माचं वजन परत आलंच पाहिजे, असं लिहायले. तेवढं नजरेखालून घाला साहेब, काही चुकलं असेल तर इथंच सांगा, दुरुस्त करते.