वरच्यांना सगळं कळतं, हे ठरवलं कुणी?

सध्या एक विधान जोरात फिरतंय: ‘सत्ता हाती असलेल्यांना लोक आपल्याविषयी काय म्हणतात ते नेमकं ठाऊक असतं. खालचे मात्र न्यूनगंडापायी, वरचे आपल्याला तुच्छ समजतात, म्हणून उगाच कुढतात.’

आधी ‘नेमकं ठाऊक असतं’ हे बघू. ठाऊक व्हायला कुणीतरी सांगावं लागतं. ज्याच्या एका शेऱ्यानं बढती अडते, त्याच्या तोंडावर कोण बोलणार? वर पोचतं ते गाळून, गोड करून. शिवाय वरच्याला विचारायची गरजही फारशी पडत नाही. आपलं बरंवाईट ज्याच्या हाती, त्याच्याकडेच माणूस बारकाईनं बघतो. म्हणजे लक्ष खालून वर जातं. मानसशास्त्रज्ञ सुसान फिस्के यांनी १९९३ मध्येच हे मांडलं होतं.

२००६ मध्ये मानसशास्त्रज्ञ गॅलिन्स्की आणि सहकाऱ्यांनी एका प्रयोगात लोकांना स्वतःच्या कपाळावर इंग्रजी ‘ई’ काढायला लावला. दुसऱ्याच्या सत्तेखाली असल्याचा प्रसंग आठवलेल्यांपेक्षा, आधी सत्ता गाजवल्याचा प्रसंग आठवलेल्यांनी तो स्वतःला सुलट, समोरच्याला उलटा दिसेल असा जास्त वेळा काढला. एका अक्षरावर इमला बांधू नये, हे मान्य. पण कुणी कोणता प्रसंग आठवायचा, हे स्वभाव बघून ठरवलेलं नव्हतं, म्हणजे फरक स्वभावाचा नव्हे, सत्तेच्या आठवणीचा होता, हेही विसरू नये.

त्यामुळे ‘न्यूनगंड’ही डळमळतो. लॅमर्स, गॉर्डाइन आणि ओटन यांच्या २००८ च्या संशोधनात, सत्ता कमी असलेली माणसं समोरचा गट आपल्याला कसा बघतो याचा विचार जास्त करताना दिसली. कारण ती समोरच्याच्या जागी जाऊन बघतात. तेच तर त्यांना करावं लागतं.

‘उगाच’ या शब्दात थोडं तथ्य आहे. असे अंदाज बऱ्याचदा वास्तवाहून कडवट निघतात. पण अमेरिकेतल्या दोन्ही पक्षांच्या समर्थकांत लीस आणि सिकारा यांना २०२० मध्ये हेच आढळलं. तो खालच्यांचा खास दोष नव्हे. वरचेही निर्धास्त नसतात: व्होरॉअर यांच्या १९९८ च्या अभ्यासात गोऱ्या कॅनेडियनांना वाटत होतं की तिथले आदिवासी आपल्याला पूर्वग्रहदूषित समजतात.

फरक किमतीचा आहे. वरिष्ठाचा अंदाज चुकला तर एखादी बैठक अवघडते, हाताखालच्याचा चुकला तर नोकरीवर येतं. या विधानानं त्या सावधपणालाच न्यूनगंड ठरवलंय.