आईचं वजन उतरलं, पण पायांतला जोर गेला

आमच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी एक मेसेज फिरून येतो. त्यात तीन गोष्टी असतात: चाळिशीनंतर मेटाबॉलिझम (शरीर ऊर्जा खर्च करतं तो वेग) मंदावतं, म्हणून वजन वाढणारच, साठीनंतर वजनं उचलू नका, नुसतं चाला, आणि रात्री जेवणाऐवजी सूप घ्या, काटा खाली आला की तब्येत सुधारली. माझ्या आईनं तो मनावर घेतला होता, म्हणून हे लिहिते आहे.

आधी चाळिशीचं. २०२१ साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरला तर ऊर्जेचा खर्च विशीपासून साठीपर्यंत जवळपास सारखाच राहतो, असं त्यात दिसलं. साठीनंतर तो घटतो, तोही वर्षाला सुमारे ०.७ टक्के. मग चाळिशीत पँट का घट्ट होते? नागपुरात धंतोलीहून सदरला सायकलनं जाणारा माणूस गाडीवर आला, दिवसभर खुर्चीत बसू लागला आणि तर्री-पोह्यांची प्लेट होती तेवढीच राहिली. यातलं बरंच आपल्या हातात आहे.

सगळ्यात घातक सल्ला सुपाचा. आईनं चार महिने रात्री नुसतं टोमॅटोचं सूप घेतलं. सहा किलो उतरले. नातेवाईक म्हणाले, ‘छान बारीक झालात हो काकू!’ गणपतीत मात्र तिला पाटावरून उठता येईना. वहिनीनं आणि मी दोन्हीकडून धरलं. गेली ती चरबी की स्नायू, हे काटा सांगत नाही. नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं, तर त्यातला साधारण चौथा हिस्सा चरबीचा नसतो. त्यात स्नायूही जातात, आणि सत्तरीत ते परत मिळवणं जड जातं. या वयात रोज किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, असं तज्ज्ञ सुचवतात. ५५ किलोच्या बाईला ५५ ते ६६ ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, आणि त्या सुपात जेमतेम एक-दोन. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.) काट्याबरोबर कंबरही मोजा: भारतीय पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८० ही मर्यादा.

राहिली वजनं. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वयाच्या माणसांना देखरेखीखाली आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. ज्यांनी तो पुरा केला, त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. जागतिक आरोग्य संघटनाही पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सांगते. अंबाझरीला, सेमिनरी हिल्सला फिरणाऱ्यांनी फिरणं अजिबात सोडू नये. पण तेवढ्यानं मांड्या-दंडांना पुरेसा जोर मिळत नाही. शिवाय मे महिन्यात सकाळी आठलाच ऊन चटके देतं, तेव्हा घरातली खुर्ची कामी येते.

आई डॉक्टरांना विचारून आता आठवड्यातून तीनदा हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठते-बसते, मग पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलते. रात्री वरण-भात, दही घेते. वजन दोन किलोनं वाढलंय. यंदाच्या गणपतीत आरतीनंतर ती पाटावरून एकटी उठली.