हिशोब उघडा ठेवा, नावं कशाला?

चर्चमधलं दान नावं पुकारून गाजवू नये, हे सांगणारा लेख एकदम पटला. दान लोकांना दाखवायला करू नका हे बायबलमधल्या मत्तय 6 मधलं येशूचं सांगणं आपण दर वर्षी ऐकतो आणि हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानतो तेव्हा, नेमकं उलटं करतो. आमच्या इथे इंदूरला चर्चमध्ये अर्पण केलेल्या वस्तूंच्या लिलावात एक साधा भोपळा माईकवर नावं घेत घेत कुठल्या कुठे चढतो, आणि मागच्या बाकावरची घरकामाला जाणारी मावशी पिशवीतली मेथीची जुडी गुपचूप वेदीपाशी ठेवून जाते तिचं नाव कोणी घेत नाही, खरं सांगू का तिला ते नकोच असतं. मार्क 12 मधल्या गरीब विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्या, म्हणजे अगदी छोटी नाणी, त्या ह्याच की!

पण काही जण म्हणतात मग पावती पण नको, हिशोब पण नको, ते मात्र अजिबात मान्य नाही. प्रेषित पौलाने यरुशलेममधल्या गरीब ख्रिस्ती लोकांसाठी वर्गणी जमवली तेव्हा पैशावरून कोणी बोट दाखवू नये म्हणून मंडळ्यांनी (म्हणजे तिथल्या चर्चनी) नेमलेली माणसं सोबत घेतली, 2 करिंथ 8 वाचा. आणि सुरुवातीच्या मंडळीतल्या बर्णबाने शेत विकून पैसे दिले ते सगळ्यांना कळलंच होतं, त्यात काय वाईट? जमीन विकून पैसे आणणाऱ्या हनन्या-सप्पीरा ह्या नवरा-बायकोचं पण कमी दिलं म्हणून बिघडलं नाही, येशूचा शिष्य पेत्र हनन्याला स्पष्ट म्हणाला जमीन तुझीच होती, पैसेही तुझ्याच हातात होते. थोडं मागे ठेवून सगळं दिल्याचा आव आणला तिथे घात झाला.

ह्या वर्षी माईकवर नावं पुकारणं बंद करा आणि जमा-खर्चाचा कागद नोटीस बोर्डावर लावा, असं मी कमिटीला सांगणार आहे.