उडालेल्या दोन किलोंची भरडाई

सोळा रुपये. एवढ्याशा रकमेवर माणसानं गप्प बसावं हे मलाही कळतं. पण ते सोळा रुपये माझे होते, आणि ते कापायला लावणाऱ्या गृहस्थांचा त्या व्यवहाराशी काडीचा संबंध नव्हता.

गावात माझी छोटी डाळमिल आहे. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं काढलेली मिनी डाळमिल विदर्भात जागोजागी दिसते, त्याच घराण्यातली. एमरीचा, म्हणजे खरखरीत दगडी थराचा रोलर, खाली चाळण्या, टरफलांचा फोल ओढणारा पंखा, ५ एचपीची मोटर आणि वर पत्रे. पगाराची नोकरी सोडून पूर्णवेळ यात पडलो, त्याला या उन्हाळ्यात वर्ष झालं. लोक घरची तूर आणतात, मी डाळ करून देतो. भरडाई किलोला ८ रुपये, तुरीच्या वजनावर. परवा एक मावशी आपली डाळ न्यायला आली. तूर दिली होती ५० किलो, डाळ भरली ३५. म्हणजे ७० टक्के उतारा. तुरीला हा वाईट नाही. मावशीनं पिशवीतून ४०० रुपये काढलेसुद्धा.

तेवढ्यात निंबाखालून आवाज आला, "थांब व माय."

हे काकाजी. त्यांची स्वतःची तूर नाही. वावर ठेक्यानं दिलेलं आहे, ठेकेदार त्यांना वर्षाचे पैसे देतो आणि उरलेलं वर्ष काकाजी मला देतात. सकाळचा चहा झाला की येतात आणि आधी माझ्या काट्यावर उभे राहतात. वजन जास्त भरलं तर "तब्येत सुधरली", कमी भरलं तर "काटा बिघडला". इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी पडताळणी करून शिक्का मारून घ्यावा लागतो, तो मारलेला आहे, प्रमाणपत्र भिंतीवर काचेत लावलेलं आहे. काकाजींनी ते चष्मा लावून वाचलं होतं आणि निकाल दिला होता, "कागद खरा असन. काट्याचं सांगता येत नाई."

तर काकाजी उठून आले. "पन्नास किलो देल्ली हिनं. तू पस्तीस दिऊन राह्यला. पंधरा कोठी गेले?"

मी चुनीचं, म्हणजे भरडताना पडलेल्या डाळीच्या बारीक तुकड्यांचं पोतं दाखवलं, मावशीचंच, ढोरांसाठी. साडेसहा किलो. फोल साडेपाच. चाळणीतून निघालेला काडीकचरा, खडे, पोचट दाणे मिळून एक किलो. काकाजींनी तिन्ही जिनसा पुन्हा काट्यावर ठेवायला लावल्या, डाळीसकट. बोटांवर बेरीज केली.

"अठ्ठेचाळीस. दोन किलो?"

"ते उडाले, काकाजी."

"उडाले? तूर हाये का चिमणी?"

मावशी हसली. ट्रॅक्टर घेऊन आलेला एक पोरगा पोती सोडून बघायला आला. मग मी चूक केली असं कुणी म्हणेल, पण ती चूक नव्हती. मी शास्त्रशुद्ध उत्तर दिलं. म्हटलं, तूर आली तेव्हा तिच्यात १३ टक्क्यांच्या आसपास ओलावा होता. एवढी ओली तूर रोलरवर घातली तर टरफल निघत नाही, दाणा चेपतो. तो ओलावा साडेनऊवर आणावा लागतो. ४९ किलो चाळलेली तूर तिथवर वाळली की ४७ भरणार. यात कुणाचाच इलाज नाही.

काकाजींनी सगळं ऐकून घेतलं. वकील उलटतपासणीआधी ऐकतो तसं.

"बरं. पानी उडालं. आता हे सांग, तुरीले तेल लावतं का नाई तू?"

"लावतो."

"हिच्या तुरीले कितीक लावलं?"

"क्विंटलला तीनशे मिली. म्हणजे दीडशे."

"अन् पानी मारलं?"

"मारलं. लिटरभर."

"मंग पाय. पन्नास किलो तूर, एक किलो पानी, दीडशे ग्राम तेल. झाले एक्कावन किलो दीडशे. तू दिले अठ्ठेचाळीस. दोन किलो नाई रे बाप्पा, तीन किलो दीडशे ग्राम गेले!"

ट्रॅक्टरवाला पोरगा म्हणाला, "हाव ना."

"अन् तेलाचे पैसे तं तू भरडाईतच धरतं ना?"

"धरतो."

"म्हंजे तेल झालं या बाईचं. तिच्याच पैशानं तिच्याच तुरीले तेल लावलं, अन् तिचीच तूर कमी केली!"

इथं थोडं थांबून तेलाविषयी सांगायलाच हवं, कारण परवा कुणी सांगू दिलं नाही. हरभरा आणि मसूर ही गरीब स्वभावाची कडधान्यं, टरफल लवकर सोडतात. तूर, मूग, उडीद हट्टी. तुरीच्या टरफलाखाली डिंकासारखा थर असतो आणि तो डाळीला घट्ट धरून बसतो. म्हणून तूर पहिल्यांदा रोलरमधून काढायची ती फक्त ओरखडे पाडायला. त्या ओरखड्यांतून तेल आत शिरतं. तेल चोळून रात्रभर ढीग झाकून ठेवायचा, मग ऊन द्यायचं. मे महिन्यात एका दिवसात काम होतं, जानेवारीत दोन-तीन दिवस लागतात आणि त्यात ढग आले तर बसा आभाळाकडे बघत. मग रोलरमधून दुसरा हात. निघालं नाही तेवढ्याला पुन्हा थोडं तेल. शेवटी पाण्याचा शिपका, काही तास ढीग, परत ऊन, आणि मग दाणा फोडायचा. पाणी मारायचं ते दाणा फुगावा आणि वाळताना आक्रसून टरफलापासून आणि दुसऱ्या पाकळीपासून सुटावा म्हणून. म्हणजे पाणी घालायचंच मुळी उडण्यासाठी. हे वाक्य मी परवा बोललो. काकाजी मावशीला म्हणाले, "आयकलं? उडवासाठीच घालते."

आणि आता ती सोळा रुपयांची गोष्ट. काकाजींनी हिशेब तीन किलो दीडशेवर नेला होता, पण मनाचा मोठेपणा दाखवून दोन किलोंवर तडजोड केली. म्हणाले, "उडाले म्हनतं ना तू? मान्य. पन जे उडालं, थ्याची भरडाई कायची? तू का पानी भरडलं? दोन किलोचे सोळा रुपये कमी घे."

मी तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात काकाजींची नजर फोलाच्या पोत्याकडे वळली, आणि या माणसाचा पुढचा डाव मला लख्ख दिसला. फोल साडेपाच किलो. फोलाची भरडाई कायची? मग चुनीची कायची? मग काडीकचऱ्याची? दोन मिनिटांत हे प्रकरण ३५ किलोंवर, म्हणजे २८० रुपयांवर येऊन थांबलं असतं. मी ३८४ रुपये घेतले आणि गल्ला बंद केला.

मावशीनं जाताना काकाजींना त्यांच्या बकरीसाठी किलोभर चुनी दिली. सल्ल्याची फी. बाजारात त्या चुनीचा भाव सोळा रुपयांच्या वरच आहे, हे त्या दोघांपैकी कुणी काट्यावर ठेवून पाहिलं नाही.

तरी मावशीची तूर एका जातीची होती. खरी डोकेदुखी मिसळीच्या तुरीची. एका भावाची आशा जातीची, दुसऱ्याची मारुती, बांधावर लावलेली तिसरीच कुठली, सगळी एका पोत्यात, आणि वर "चांगली साफ डाळ पाहिजे बरं". रोलर आणि त्याभोवतीची जाळी यांच्यातलं अंतर एकच ठेवता येतं. ते टपोऱ्या दाण्याला बसवलं तर बारीक दाणा टरफलासकट निसटतो, बारक्याला बसवलं तर टपोरा भरडून त्याची चुनी होते. उपाय एकच आहे: आधी चाळणीवर आकाराप्रमाणे दोन ढीग करायचे आणि वेगवेगळे काढायचे. दुप्पट वेळ, दुप्पट वीज, भरडाई तीच ८ रुपये. ज्यांना हा धंदा टाकायचा आहे त्यांनी मिसळीचा दर पहिल्या दिवशी वेगळा लिहून लावावा. दुसऱ्या दिवशी लावला तर तो दर राहत नाही, लूट होते.

आणि तूर घेताना दाताखाली धरून पाहावी. कट्ट असा आवाज करून तुटली तर ठीक. दबली तर तिथल्या तिथं पोत्यावर "ओली" लिहावं, गिऱ्हाईकासमोर. ओलावामापक यंत्र मिळतं, पण त्याचा आकडा काकाजींसारख्यांना पटत नाही, दात पटतो. त्यांना स्वतःला दात चारच आहेत, तो भाग वेगळा.

"रिकामा" हा शब्द मला याच वर्षात मिळाला. नोकरीत असताना मी दुपारी जांभया देत फायली उलटायचो, तेव्हा साहेब होतो. आता लाईनची वाट पाहत मिलच्या दारात उभा दिसलो की जाणारा-येणारा विचारतो, "मंग, सद्या रिकामाच का?" थ्री फेज दिवसातून काही तासच नीट असते, त्यातही व्होल्टेज पडलेलं. त्यात एखादी फेज गेली की मोटर थांबत नाही, गुरगुरत राहते, उरलेल्या दोन फेजमधून जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग जळतं. त्यासाठी स्टार्टरसोबत फेज गेली की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर लावावा आणि जास्त करंटला मोटर तोडणारा ओव्हरलोड रिले मोटरच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरवरच ठेवावा. मोटर सारखी ट्रिप होते म्हणून रिले वर फिरवून देणारे कारागीर गावोगावी आहेत. तेच मग जळालेलं वाइंडिंग भरून द्यायलाही येतात. तर मी दारात उभा असतो तो मीटरवर डोळा ठेवून. पण दारात उभा असलेला माणूस रिकामाच दिसतो, हे मान्य.

दुसरी माझी ख्याती म्हणजे "याले सरकारनं फुकट देल्लं". प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना २०२० साली आली. प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. गावाला एवढंच माहीत आहे. ते कर्जाशी जोडलेलं असतं, स्वतःचे किमान १० टक्के आधी घालावे लागतात, आणि अनुदान हातात न येता बँकेत बाजूला ठेवलं जातं. तीन वर्षं मिल चालू राहिली आणि खातं थकलं नाही, तर ते कर्जात वळतं होतं. तोवर ते मला फक्त दिसतं. सहा महिने लोक माझ्याकडे उसने मागायला येत होते, त्या ३५ टक्क्यांतून. देत नाही म्हटल्यावर मी माजलो.

उधारीचं मात्र मी आता बोलणं सोडलं आहे. आमच्याकडे तारखेचा हिशेब नसतो, सणांचा असतो. जानेवारीत डाळ नेली की पैसे "तूर इकली का". तूर विकली की "थांब, अखजीले". अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बी-बियाण्याची घाई. मग "पोया झाला का". पोळ्याला बैलांचा साज, आणि बैल नसलेल्यांना ट्रॅक्टरचा हप्ता. मग दिवाळी, मग कापूस. कापसापर्यंत नवी तूर शेंगेवर येते आणि तोच माणूस विचारतो, "यंदा भरडाई कितीक?" चारशे रुपयांसाठी कुणाच्या दारात उभं राहायचं? तो रोज भेटतो, नमस्कार करतो, चहा पाजतो. चहा तेवढा रोख असतो. शेवटी मी एकच नियम केला, की पैसे दिल्याशिवाय डाळीचं पोतं हलणार नाही. चुनी हवी तर आधी न्या. ढोरांना उपाशी ठेवलं हा आरोप नको.

आता मृग तोंडावर आहे. एकदा पाऊस लागला की तूर वाळत नाही, वाळत नाही म्हणून मिल चालत नाही, आणि हप्ता तर पावसात भिजून काही बंद पडत नाही. पहिल्या वर्षी हंगामात आलेला पैसा नफा वाटतो. त्यातले जून ते सप्टेंबरचे हप्ते, विजेचा स्थिर आकार आणि नव्या एमरीचे पैसे काढून वेगळ्या खात्यात टाकले, की नफा ओळखू येण्याइतका बारीक होतो.

म्हणून पावसाळ्यासाठी मिरची-हळदीचं कांडप टाकायचा विचार आहे. शेड वेगळं घ्यावं लागेल. त्याच छपराखाली टाकलं तर मिरचीचा धुरळा डाळीत जाईल आणि पहिल्या वरणालाच गाव माझ्या दारात येईल. मोटर वेगळी, मीटरवर भार वाढवून घ्यायचा अर्ज वेगळा. हे सगळं मी कागदावर मांडत होतो, तर काकाजी शेजारी येऊन बसले. कागद उलटा धरून वाचला. म्हणाले, "टाक, टाक. चांगला धंदा हाये." मग थोडा वेळ गेला आणि त्यांनी मावशीच्या हिशेबासाठी वापरलेली तीच बोटं पुन्हा उघडली.

"पन मले एक सांग, ठसका लागते तवा जे नाकात जाते, थे वजनात कोन धरन?"