दोन तास वाट बघायला लावून तोंडाला पानं पुसली

'स्टेट ऑफ प्ले' परत बघितला आणि परत त्याच जागी डोकं फिरलं. २००९ चा सिनेमा. रसेल क्रो, हेलन मिरेन, बेन ॲफ्लेक, दिग्दर्शक केविन मॅकडोनाल्ड. काय कमी होतं यांच्याकडे? शेवट फोडूनच बोलणार आहे, कारण माझा राग शेवटावरच आहे.

विषय काय होता बघा. अमेरिकेतल्या एका खासदाराच्या हाताखाली काम करणारी तरुण मुलगी मेट्रोखाली येऊन मरते. वॉशिंग्टनमधला मुरलेला बातमीदार कॅल धागा ओढत ओढत पॉइंटकॉर्प या कंपनीपर्यंत पोचतो. सरकारला भाडोत्री सैनिक पुरवणारी कंपनी. सप्टेंबर २००७ मध्ये ब्लॅकवॉटर या अशाच खऱ्या अमेरिकी कंपनीच्या माणसांनी बगदादच्या निसूर चौकात १७ इराकी नागरिकांना गोळ्या घातल्या, त्याला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. युद्ध ठेक्याने द्यायचं, नफा कंपनीने खायचा आणि मेलेल्यांचा जाब कुणीच द्यायचा नाही, हे बोलायची वेळ तीच होती. सिनेमा बोलतोही. दीड तास असा चढत जातो की आपण खुर्चीच्या टोकावर येतो.

आणि मग माती खातो. खून कंपनीने केलेलाच नसतो! त्या मुलीला खासदाराकडे पेरलेलं असतं कंपनीने, पण तिच्यावर पाळत ठेवायला आपल्या ओळखीचा माजी सैनिक खासदार कॉलिन्सनेच लावलेला असतो, आणि मारतो तो. हे कॅलला कळतं कशावरून? तर मुलीला कंपनीकडून मिळणाऱ्या पैशांचा आकडा खासदाराच्या बायकोच्या तोंडून निसटतो म्हणून. दीड तास जोडलेले कागद, धमकावून बोलते केलेले साक्षीदार, सगळं बाजूला, आणि उलगडा एका निसटत्या वाक्यावर! मूळ २००३ ची बीबीसी मालिका पॉल ॲबटने लिहिलेली. बोट तिथेही शेवटी राजकारण्याकडेच वळतं, पण सहा भागांत बातमीमागची मेहनत मुरायला जागा तरी मिळते. इथे शेवटच्या काही मिनिटांत सगळं उरकलंय.

पॉइंटकॉर्पचं पुढे काय झालं? ठेके गेले? कुणी आत गेलं? सिनेमा सांगत नाही. सगळ्या देशाचा प्रश्न दोन मित्रांच्या भांडणावर आणून ठेवला.

त्यात हा कॅल त्या खासदाराचा कॉलेजमधला खोलीसोबती, शिवाय त्याच्या बायकोशी याचं प्रकरण होतं. तरी बातमी याच्याचकडे! मी पेपरच्या डेस्कवर बसतो. आमच्याकडे तालुक्याच्या वार्ताहराचा मेहुणा निवडणुकीला उभा असला तरी ती बातमी दुसऱ्याकडे जाते. हेलन मिरेनची संपादक खपासाठी आरडाओरडा करते, मालकांचा दबाव सांगते, आणि या माणसाला बाजूला करायची बुद्धी तिला होत नाही. पोलिसांपासून पुरावा दडवून ठेवतो तो, आणि ते त्याच्या हुशारीत जमा होतं.

सगळ्यात जास्त चीड येते ती श्रेयनामावलीत. बातमी जाते, प्लेटा तयार होतात, कागदाचं रीळ फिरू लागतं, गठ्ठे बांधले जातात, गाड्या सुटतात. इतकी नेमकी, इतक्या मायेने टिपलेली छपाई मी सिनेमात क्वचित पाहिली. सिनेमा आला त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेतल्या डेन्व्हरचं 'रॉकी माउंटन न्यूज' हे दैनिक बंद पडलं होतं, दीडशे वर्षं भरायला जेमतेम दोन महिने उरले असताना. ते दृश्य रचणाऱ्यांना छापील पेपरची किंमत कळत होती, हे दिसतं. मग त्या मशीनवर चढवायला बातमी पण तेवढ्याच ताकदीची द्यायची ना! पहिल्या पानावर त्या कंपनीचे ठेके, रकमा, सह्या करणाऱ्यांची नावं यायला हवी होती. छापलं काय, तर एका खासदाराची भानगड.